रूळ गेल्यावरचं लॉज

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात मेथी निवडत होते. फोन बिरा गवंड्याचा. "आक्का, दादा गेलं... चुना बघाया वाकलं, तितंच बसलं." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" लॉज सोडून दादा दुसरीकडे कुठे असणार होता!

ढालगावच्या अलीकडे, आमच्या गावच्या स्टेशनासमोर वडिलांनी हे लॉज चालवलं. खाली खाणावळ, माडीवर सहा खोल्या. अरुंद रुळांवरची छोटी गाडी होती तोवर आटपाडीकडची माणसं पहाटेची गाडी धरायला आदल्या दिवशीच येऊन उतरत. कुणी लग्नाला निघालेलं, कुणी मिरजेच्या दवाखान्याला. मग रूळ रुंद झाले, नवं स्टेशन लांब गेलं आणि आमच्या माडीसमोर नुसत्या बाभळी उरल्या. वडिलांमागे लॉज आम्हा दोघांच्या नावावर आलं. मी म्हणत होते, विकून टाकू. दादा मात्र सांगलीची नोकरी संपवून थेट तिथे राहायलाच गेला. त्यावरून आम्ही भर पंगतीत भांडलो. "गाडी गेली, दादा. आता कुणाला उतरवून घेणारेस?" तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "एक वर्ष दे. नाही चाललं तर म्हणशील तिथं सही करतो." एकाची तीन वर्षं झाली.

सुरुवात त्याने चुकीनेच केली. जुन्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला. पावसाळ्यात भिंती आतून ओलावल्या आणि दिवाळीपर्यंत पोपडे पडायला लागले. तेव्हा हा बिरा आला. भिंतीला हात लावून म्हणाला, "दादा, भिताडाचं नाक-तोंड दाबलंय तुमी. जगंल कसं ते?" सगळं खरवडून काढलं, चुना मळला, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं. अंगणभर मुंग्या. मी गेले की दादा मला भिंतीला हात लावायला लावायचा, लहान पोराचा ताप बघावा तसा. मी म्हणायचे, "छान. विकताना भाव येईल." तो हसायचा. त्या बोलण्याची मला आज लाज वाटते.

लॉज उघडलं आणि माणसं आली ती पठारावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करणारी. दादाने गवगवा केला नाही. फोनवर एवढंच, "सहाच्या सहा भरल्या." मी म्हटलं, बघू किती दिवस...

तेराव्यानंतर मी विक्रीचे कागद घेऊन लॉजवर गेले; तोवर खोल्या बिराच बघत होता. घेणारा दुसऱ्या दिवशी येणार होता. संध्याकाळी जिन्यात तीन नंबरच्या खोलीतला मेकॅनिक भेटला. "आक्का, सकाळी सहाला उठवाल न्हवं? दादा उठवायचं. आतनं व्हय म्हणूस्तवर दारातनं हालायचं न्हाईत."

"मोबाइलला गजर असतो की."

"गजर बंद करून परत झोपतो माणूस. दादास्नी कसं बंद करणार?"

सहाला मी दार वाजवलं. उत्तर नाही. परत वाजवलं. वडीलही असेच उभे राहत, गाडी चुकू नये म्हणून; ते मी साफ विसरले होते. उभी राहिले. शेवटी आतून झोपाळलेला आवाज आला, "व्हय दादा... उठलो."

खाली येऊन चूळ भरली, बराच वेळ रडले. मग घेणाऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि वर गेले. चार नंबरने साडेसहाची वेळ दिली होती.