चंद्रीसाठी स्थळ पाहताना

दुसऱ्याच्या गोठ्यात शिरल्याबरोबर काकाजी आधी आडवे व्हायचे. गायीच्या जागेवर, पांढऱ्या पायजम्यासकट, डोळे मिटून. मालकाला वाटे म्हाताऱ्याला चक्कर आली, आणि तो पाणी आणायला धावे. मग काकाजी उठून पाठ झटकत म्हणत, "मलेच झोप नाही आली, तर गायीले कशी येईन?"

तिवशाजवळ आमची शेतं धुऱ्याला धुरा लागून. माझी भाजीची वाडी, त्यांच्या सात-आठ गायी. माझ्याकडे भाजी वाहायची छोटी गाडी असल्यामुळे या गोठेपाहणीला सारथी म्हणून मीच असे. गाय विकायची म्हटली की गिऱ्हाईक गाय पाहायला येते, हे तुम्हाला माहीत आहे. काकाजींच्या इथे उलटे होते. आधी ते गिऱ्हाइकाचा गोठा पाहायला जात आणि पसंत पडला तरच त्याला गाय दाखवत.

आमच्याकडे गायीवर प्रेम करणारे खूप आहेत. मोबाइलवर रोज सकाळी गायीचा फोटो पाठवतात. असाच एक भक्त अमरावतीच्या वाटेवर भेटला. त्याच्या बैठकीत गायीची मोठी तसबीर होती, तिला हार होता, पुढे उदबत्ती होती. मागच्या अंगणात खरी गाय वीतभर दाव्याला बांधलेली, आणि टाके कोरडे. काकाजी तसबिरीसमोर हात जोडून म्हणाले, "हिचं बरं हाये. हिले तहान लागत नाही." आणि चहा न घेता गाडीत येऊन बसले.

दुसरे एक प्लॉटचे धंदेवाले होते. त्यांनी गोठ्याला चकचकीत फरशी बसवली होती, पंखे लावले होते आणि गायींना ऐकवायला बासरीची सोय केली होती. काकाजींनी फरशीवर बादलीभर पाणी ओतले आणि मालकाला म्हणाले, "भाऊ, जरा चालून दाखवता?" भाऊ दोन पावले चालले आणि खांबाला मिठी मारून उभे राहिले. "तुमाले हात तरी हाये," काकाजी म्हणाले. बासरी वाजतच होती.

काकाजी बिडी ओढत नसत, पण खिशात एक कायम असे. गोठ्याच्या मधोमध उभे राहून ती पेटवायची आणि धूर कुठे जातो ते पाहायचे. बाहेर गेला तर ठीक. तिथेच घोटाळला तर गोठा नापास. टाक्यातले पाणी ओंजळीने पिऊन पाहत. विकलेल्या गायीकडेही न सांगता एखादी चक्कर मारत. एकदा मालक लग्नाला गेलेला, गाय दिवसभर उन्हात उभी. काकाजींनी दावे सोडले आणि गाय घरी आणली. लोकांनी वेड्यात काढले. मीही त्या लोकांत होतो, पण गाडी माझीच होती.

चंद्री त्यांची सगळ्यात लाडकी. पहिल्यांदाच गाभण होती, विणीला महिनाभर होता. गुडघे थकल्यामुळे गायी कमी करायच्या म्हणून तिला विकायचे ठरले, आणि कुठलाच गोठा तिच्या तोलाचा ठरेना. दिवाळीत बडनेऱ्याकडचे एक पाहुणे आले. सज्जन माणूस. त्यांचा गोठा आदल्या दिवशी पास झाला होता, आता तोंडी परीक्षा चालली होती.

"धार कोण काढीन?"

"मी सोता."

"तुमी बाहेरगावी गेले तं?"

"बायको."

"घरात जोरानं कोण बोलते? आरडाओरडा असला तं गाय पान्हावत नाही. आमची चंद्री लय हळवी हाये."

काकाजींची मुलगी शुभा दिवाळीला आली होती. आई गेलेली, ही एकुलती एक, चार वर्षांपूर्वी तेल्हाऱ्याला दिलेली. ती चहा घेऊन दारात उभी होती. तिने कप ठेवले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "बाबा, माह्या वेळी हे इचारलं होतं काय?"

पाहुणे कपात पाहू लागले.

"नव्हतं इचारलं," तिनेच उत्तर दिले. "ते लोक मले पाहाले आले, तवा चंद्रीची माय इत होती. तुमी 'बोलून घ्या' म्हणून गोठ्यात गेले. वापस आले तवा चंद्री झाली होती अन् माही सोयरीक झाली होती. तुमी दोन्हीचा पेढा एकच वाटला."

हे खरे होते. तो पेढा मीही खाल्ला होता, आणि एका दिवसात दोन शुभकार्ये म्हणून काकाजींचे अभिनंदनही केले होते. शुभा तेव्हा कॉलेजात शिकत होती. तिचे घर पाहायला तेल्हाऱ्याला कोणी गेले नाही. मुलगा चांगला आहे असे फोनवर कळले होते, तेवढे आम्हा सगळ्यांना पुरले.

 पाहुणे सौदा न ठरवताच गेले. भाऊबीज करून शुभाही गेली. पुढे आठवडाभर काकाजी गोठ्यात नुसते येरझाऱ्या घालत होते. चाऱ्यावर चारा टाकत, पाण्यावर पाणी. मग एका सकाळी धारा उरकून माझ्या वाडीत आले.

"बापू, गाडी काढ. तेल्हाऱ्याले जाचं हाये."

"कोणाचा गोठा हाये तिथं?"

"चाल मुकाट्यानं."

दुपारी पोचलो. जावई दुकानात गेलेले. शुभाच्या सासूबाईंनी पाटावर बसा म्हटले, तर काकाजी सरळ स्वयंपाकघरात. वर टिनाचे पत्रे, एक दार, खिडकी नाही. शुभा गॅसपाशी पोळ्या करत होती, घामाने डबडबलेली. काकाजींनी खिशातून बिडी काढून पेटवली. धूर वर गेला आणि पत्र्याखाली जमून राहिला.

"इवाई, बिडी कवापासून?" सासूबाईंनी विचारले.

काकाजींनी माठातले पाणी पिऊन पाहिले. रोज ते कोण भरते ते विचारले. शुभा भरत होती. ती कुठे बसते, केव्हा जेवते, शेवटी जेवते तेव्हा भाजी उरते काय, हे विचारले. मग नेहमीचा प्रश्न आला.

"घरात जोरानं कोण बोलते?"

"कोणीच नाही!" सासूबाई ओरडल्या. ओट्यावरची मांजर उडी मारून पळाली.

मला हसू आले, पण काकाजींचा चेहरा पाहून ते गिळले. त्यांचे डोळे भरले होते. "पोरी, पिशवी भर," ते म्हणाले. "चाल घरी."

शुभाने तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला. "बाबा, मी काय चंद्री हाये? दावं सोडलं अन् नेलं? तवाबी मले इचारलं नाही, आताबी नाही. तिले बोलता येत नाही, मले येते."

काकाजी भिंतीला हात लावून उभे राहिले. गायीच्या कानाच्या हालचालीवरून तिचे पोट दुखते की नाही ते सांगणारा माणूस, आणि मुलीच्या मनातले त्याला विचारावे लागत होते. म्हणाले, "मंग सांग. काय पाहिजे तुले?"

शुभाने हातांचे पीठ झटकले.  "एकदम काय सांगू? आजवर कोणी इचारलंच नाही. इचार करू द्या मले."

"कर," काकाजी म्हणाले. "मी बसतो."

आणि ते बाहेरच्या ओट्यावर बसले. मी तासभर वाट पाहून हळूच आठवण करून दिली की निघायला हवे, संध्याकाळच्या धारा आहेत. बायकोच्या तेरवीलाही धारा काढूनच पंगतीत बसलेला हा माणूस. "तू जाय," ते म्हणाले. "आज तूच काढ." सासूबाई दारातून बघत होत्या, आता मात्र त्यांचा आवाज बंद होता.

मी संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात बादली घेऊन बसलो. गायी वळून वळून दाराकडे पाहत होत्या. मी चुचकारले, पाठीवरून हात फिरवला, काकाजी म्हणतात तसे हळू बोललो. एकही पान्हावली नाही. शेवटी फोन लावला.

"काकाजी, एकही दूध देऊन नाही राहिली. काय करू?"

"वासरं सोड," ते म्हणाले. "पिऊ दे पोटभर."

इतकी वर्षे शेजार होता, पण एका वेळचे सगळे दूध वासरांना सोडलेले मी पाहिले नव्हते. दावी सोडली तशी वासरे धडका देत आयांना लुचू लागली.

"अन् तुमी कवा येता?"

पलीकडे कुठेतरी भांडी वाजत होती. काकाजी अगदी हळू बोलले, कोणाला त्रास होऊ नये इतके.

"सांगता येत नाही, बापू. पोरगी अजून इचार करून राहिली."