तुटक रेषेचं ऑफिस

भंडाऱ्यात बसून आम्ही देशांच्या सीमा आखतो असं सांगितलं की माणूस आधी हसतो. मग चहा सांगतो आणि म्हणतो, "एखादा किस्सा होऊन जाऊ दे." किस्से काय, या कामात आपोआप साचतात. रोज ऐकायला मात्र आता कुणी उरलं नाही. ऑफिसातले बाकीचे पुण्याला, हैदराबादला गेले. मोबाइलच्या नकाशावर रेषा आखायला उरलो मी आणि मोरेश्वरभाऊ. साहेब नागपूरहून स्क्रीनवर दिसतात. संध्याकाळी मला खोलीवर जावंसं वाटत नाही, भाऊंनाही वाटत नाही.

भाऊंची बायको गेली. एकुलती मुलगी पूनम कॅनडात. तिला फोन लागला की "जेवली का?" "जेवली," एवढ्यावर संपायचा. मग भाऊ कितीतरी वेळ मोबाइल हातात धरून बसायचे. मला ते बघवायचं नाही.

* * *

भाऊ दिघोरीचे, घरची धानाची शेती; शेताच्या बांधाला ते धुरा म्हणतात आणि धानाच्या खाचराला बांधी. आमच्याकडे वादातली सीमा तुटक रेषेनं दाखवतात. भाऊंनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या तुटक रेषा सलग करून टाकल्या. साहेब स्क्रीनवर लाल झाले.

"भाऊ, हे काय केलंत?"

"सर, धुरा जागोजागी फुटला होता. पानी बाजूवाल्याच्या बांधीत गेलं असतं. बुजवला."

जगातले कितीतरी तंटे भंडाऱ्यात एका दुपारी मिटले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून ते परत उकरले.

* * *

ऑफिसच्या खाली घरमालक राहतात. मधल्या भिंतीवरून त्यांची शेजाऱ्याशी बोलचाल बंद आहे. एकदा वर आले आणि हळूच म्हणाले, "बाबू, मोबाइलात माही भिंत हातभर तिकडे सरकव ना."

"काका, तसं नाही करता येत."

"देशाची सरकवता, मंग मलेच काहून नाही म्हनता?"

मी भिंत सरकवली नाही. तरी काका रोज संध्याकाळी येऊन बसतात. तो शेजारी त्यांचा पत्त्यांतला भिडू होता.

* * *

मग नवा नियम आला. सीमा एकच, पण बघणाऱ्याच्या देशाप्रमाणे ती वेगळी दिसणार. नकाशा इथं उघडला तर सलग, परदेशात उघडला तर तुटक.

"मंजे ज्याच्या घरी जाते, त्याच्यासारखं बोलते?" भाऊंनी विचारलं.

"हो, तसंच समजा," साहेब म्हणाले.

"मंग याले सोयरिकी जमवाले पाठवा, सर."

साहेब हसले नाहीत. मी मात्र घरी जाईपर्यंत हसत होतो, आणि घरी सांगायला कुणी नव्हतं.

* * *

त्याच रविवारी भाऊंनी पूनमला फोन लावला. मी त्यांच्या घरीच होतो.

"पोरी, नकाशा उघड बरं. आपल्या देशाची वरची रेघ तुह्याकडे कशी दिसते?"

"तुटक हाये, बाबा."

"माह्याकडे सलग हाये."

"खरंच? थांबा, फोटो पाठवते."

फोटोवरून बोलणं तिच्या खिडकीबाहेरच्या बर्फावर गेलं, बर्फावरून आईच्या हातच्या भाजीवर. तेव्हापासून दर रविवारी भाऊ एक नवी सीमा शोधून ठेवतात. पूनमही वाट बघते. सोमवारी भाऊ मला सगळं सांगतात, आणि माझाही सोमवार बरा जातो.

* * *

परवा साहेबांनी नवी सोय आणली. एक बटण दाबलं की कुठल्या देशातून नकाशा कसा दिसतो, ते इथंच बघता येतं. साहेब खुशीत होते.

"भाऊ, आता दर रविवारी मुलीला त्रास द्यायला नको."

भाऊंनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"सर, ते बटन माह्या कम्प्युटरवर नोका टाकू."

"अहो, मग कॅनडात कसं दिसतं ते तुम्हाला कळणार कसं?"

"इचारतो ना मी तिले," भाऊ म्हणाले.