धाकट्या भावाचा क्रॉस

२००२ च्या हिवाळ्यात अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला माझा प्रोजेक्ट संपला आणि पुढचं काम मिळेपर्यंत कंपनीनं मला बेंचवर, म्हणजे बिनकामाचं बसवलं. दिवसभर घरात एकटाच असायचो. खालच्या मजल्यावर एक पोलिश आजोबा राहायचे. ऐंशीच्या पुढचे, दिसत जवळजवळ नव्हतंच. मी त्यांचं टपाल वाचून दाखवायचो आणि ते मला काळा चहा देऊन पदकांबद्दल सांगायचे.

त्यांच्या देशाचं सर्वांत मोठं लष्करी पदक १७९२ साली निघालं आणि त्याच वर्षी रशियाच्या दबावाखाली राजाला ते बंद करावं लागलं. पुढे रशियाच्या झारनं पोलिश लोकांचा उठाव चिरडला आणि चिरडणाऱ्या आपल्या सैनिकांना तेच पदक वाटलं. हे सांगताना ते कधी हसले नाहीत.

त्यांना स्वतःला दुसऱ्या महायुद्धात इटलीत ब्राँझचा शौर्य क्रॉस मिळाला होता. युद्धानंतर देशात कम्युनिस्ट सरकार आलं, म्हणून ते परतलेच नाहीत. धाकटा भाऊ तिथेच कोळशाच्या खाणीत राहिला. त्या सरकारनं त्याला कामगिरीबद्दल सोनेरी क्रॉस दिला, तेव्हा त्यानं छातीवर तो लावलेला फोटो पाठवला. आजोबांनी उलट टपाली एकच ओळ लिहिली: आधी तो काढ, मग मला पत्र लिही. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं पत्र नाही.

जानेवारीत पोलंडहून पाकीट आलं. आत तो सोनेरी क्रॉस आणि कुठूनतरी पत्ता शोधून काढलेल्या पुतण्याचं पोलिश भाषेतलं पत्र.

"तू अक्षरं सांग," आजोबा म्हणाले. "शब्द मी जुळवतो."

मी एकेक अक्षर सांगत गेलो. कशाला शेपटी, कुणावर आडवी रेघ, तेही. एका पानाला तासभर लागला. एका ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि ती पुन्हा सांगायला लावली. मग इंग्रजीत अर्थ सांगितला. भाऊ वारला होता. आजोबांचं पत्र आलं त्याच दिवशी त्यानं क्रॉस काढून ठेवला होता, तसं कळवलंही होतं. पण आजोबांनी घर बदललेलं. पत्र परत गेलं. भावाला वाटलं, दादानं ते घेतलंच नाही.

"तुम्हाला कसं कळणार होतं?" मी म्हणालो.

"मला विचारता आलं असतं," ते म्हणाले.

त्यानंतर ते मला आत घेईनात. आज टपाल नाही, असं दाराआडून सांगायचे. दाराबाहेर त्यांच्या पेटीत पाकिटं साठलेली मला दिसत होती.

मार्चमध्ये त्यांची मुलगी ॲरिझोनाहून त्यांना न्यायला आली. सामान भरून झाल्यावर तिनं दोन्ही क्रॉस माझ्यापुढे धरले आणि बाबांचा कोणता ते विचारलं. मी ब्राँझचा दाखवला. दुसरा त्यांच्या भावाचा, असंही सांगितलं.

"बाबांना भाऊ नव्हता," ती म्हणाली.

तरी तिनं गाडीपाशी जाऊन, तुम्हाला भाऊ होता का, असं त्यांना विचारलं. पुढच्या सीटवर बसलेल्या आजोबांनी 'नाही' अशी मान हलवली.