डोंगराच्या ठरावाचा दिवस

माझी जुनी विद्यार्थिनी सविता कन्नडपलीकडच्या एका डोंगराळ गावात ग्रामसेविका आहे. "बाई, आमची ग्रामसभा बघायला या," असा तिचा फोन आला आणि मी छत्रपती संभाजीनगरहून पहाटेच्या एसटीत बसले. वेरूळ मागे पडलं तसे डोंगर धुक्यात विरघळू लागले. खिडकीला डोकं टेकून मी डुलकी घेतली आणि गावचा फाटा चुकला. पुढे उतरून सीताफळांच्या झाडांमधून चालत मागे आले. ओलं गवत पायांना बिलगत होतं. उशीर झाला होता, पण घाई करावीशी वाटेना.

गावापुढे प्रश्न एकच होता. वरचा डोंगर दगडखाणीला द्यायचा की नाही? डोंगराच्या कुशीत भिल्लांची वस्ती, खाली गावठाणात शेतकऱ्यांची घरं, ओढ्यापलीकडे बौद्धवाडा. "वस्ती नको म्हणणार, गावठाण हो म्हणणार," सविताने अंदाज सांगितला. "बौद्धवाड्याचं सांगता येत नाही."

हो म्हणणाऱ्यांनी शाळेच्या भिंतीशी उभं राहायचं, नको म्हणणाऱ्यांनी चिंचेखाली. लोक धुक्यातून संथ चालत निघाले, कुणी वळायचं, कुणी घुटमळायचं. बौद्धवाड्यातली माणसं तर एकाच घरातून निघून दोन्हीकडे गेली. गावठाणातल्या कडूबाई नवऱ्यामागून भिंतीपर्यंत आल्या आणि तिथून चिंचेकडे वळल्या.

"तू तिकडं कुठं चाललीस?" नवरा म्हणाला.

"पाणी मी भरते का तुम्ही? डोंगर फोडला तर त्यातून पाझरणारा झिरा राहील व्हय?"

त्यांच्यामागून गावठाणातल्या आणखी बायका गेल्या. उलट वस्तीतली तरणी पोरं भिंतीशी जाऊन उभी राहिली. चिंचेखाली बसलेल्या सुकीबाईंचा नातू देवा त्यांच्यात होता. एक म्हातारा त्याला रागावून बोलू लागला, तेव्हा सुकीबाई म्हणाल्या, "त्याला काय बोलू नका. त्याला बी पोट हाय."

मोजणी दोनदा झाली. अगदी थोडक्यात डोंगर वाचला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सविता ठराव लिहू लागली.

सुकीबाईंनी मला घरी नेऊन ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पिकलेली सीताफळं वाढली. अंगणात ऊन पसरलं होतं, वर कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या. देवा आत पिशवीत कपडे भरत होता. सुकीबाई त्याच्याकडे न बघता चुलीपाशी गेल्या.

दुपारच्या परतीच्या एसटीत तो माझ्याच शेजारी येऊन बसला. वाळूजच्या कारखान्यात कामाला निघाला होता. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"आजी रागावली का?" मी विचारलं.

"नाय. भाकरी तिनंच बांधून दिली." मांडीवरचं फडकं सारखं करत तो म्हणाला, "डोंगर राहिला ते लई बरं झालं, बाई. पण खाण झाली असती तर मला गावात राहता आलं असतं."

बाहेर शेतं, टेकड्या, झाडं सावकाश मागे सरत होती. सकाळपासून मला चिंचेखालची बाजूच बरोबर वाटत होती, आणि अजूनही वाटते. पण मी त्या गावची नव्हते. मला कुठेच उभं राहावं लागलं नव्हतं. वाळूजला जाणारी बस धरायला तो शहराच्या आधीच्या चौकात उतरला, भाकरींचं फडकं छातीशी धरून.