ह्यांनी लावलेलं बूच

आमच्या ह्यांचं नाव बाळ. बाळ कर्णिक. नावावर जाऊ नका. आयुष्यभर पेणच्या शाळेत विज्ञान शिकवलेला हा माणूस गॅसचं सिलिंडर दारात वजन करून घेतो, दुधात बोट बुडवून बघतो आणि पेणमध्ये राहून गणपतीची मूर्तीसुद्धा मागून नखाने खरवडून, माती खरी आहे ना ते बघूनच घरी आणतो. लग्नात माझ्या वडिलांनी घातलेलं घड्याळ दुसऱ्याच दिवशी रोह्याच्या घड्याळजीकडून तपासून घेतलं होतं. तेव्हाच मी ओळखलं, आपल्या नशिबी फौजदार आलाय.

आमची मुलगी तनया रोह्यात असते. तिचं घर बैठं, आणि भिंतीला भिंत लावून जनू म्हात्र्याचं. जनूचा जन्म मिठागरात गेला. मुलगा प्रविण कंपनीत लागला म्हणून म्हातारा रोह्याला आला. तनयाच्या नळाला धार बारीक यायची. ह्यांनी लगेच ठरवलं, जनूने लाइनीला चोरून मोटार लावली आहे. मग काय, भिंतीला कान लावून बसणं, त्याच्या परसात डोकावणं. शेवटी तोंडावर विचारलं.

"मोटार नाय हो सर," जनू म्हणाला. "येऊन बघा की घरात."

"बोलावतोय म्हणजे लपवून ठेवली असणार," हे मला म्हणाले. आता यावर कोणी काय बोलावं!

जावयाने, म्हणजे पुष्करने, कटकट नको म्हणून प्रेशर पंप बसवला. धार जोरात आली आणि गीझरखालचा पितळी वॉल्व्ह ठिबकायला लागला. प्लंबर निलेश म्हणाला, "काका, ही गळती नाही. आत दाब वाढला की हा थोडं पाणी बाहेर सोडतो. त्याला हात लावू नका."

हात लावू नका असं कोणी म्हटलं की तिथेच काहीतरी भानगड असते, हा ह्यांचा सिद्धान्त. आज थेंब, उद्या धार, परवा निलेशला पुन्हा बोलावणं, असा हिशेब ह्यांनी मनात मांडला. सगळे झोपलेले असताना दुपारी त्या वॉल्व्हच्या तोंडाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून बूच मारलं. मला सांगितलं ते परतीच्या एसटीत, नागोठणं गेल्यावर.

"अहो, तनयाला तरी सांगायचं!"

"तिच्या पोटात काही राहत नाही. निलेशच्या कानावर गेलं की तो काढून टाकेल."

ह्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या आठवड्यात पेणला, रामवाडीतल्या आमच्या घरीही ह्यांनी तोच पराक्रम केला. आमच्याकडेही तसाच पंप, तसाच गीझर. फक्त इथे ह्यांना पुरावा हवा होता. बूच मारूनही काही बिघडत नाही, हे निलेशला दाखवायचं होतं. हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याचा दाब मोजायचं मीटर आणलं, गरम पाण्याच्या नळाला बसवलं, गीझर लावला आणि मला हाक मारली, "विमल, बघायला ये."

काटा दोनवर होता. थोड्या वेळाने तीनवर गेला. मग चारवर. नळातून थेंब वापरला जात नव्हता, तरी काटा आपला चढतोच आहे.

"मीटर खोटं दिलंय लेकाच्याने," म्हणत ह्यांनी काचेवर टिचक्या मारल्या. काटा लाल पट्ट्याकडे सरकला आणि टाकी करकरली. ह्यांनी झडप घालून बटण बंद केलं. शेजारचा नळ सोडला तर वाफाळलेलं पाणी असं उसळून आलं की मी दारापर्यंत मागे सरले.

हे बादलीशेजारी मटकन बसले. "तापलं की पाणी फुगतं गं," म्हणाले. "त्याला जायला वाट हवी. मीच शिकवायचो पोरांना."

मग एकदम माझ्याकडे बघितलं आणि चेहरा पांढराफटक झाला. मलाही त्याच क्षणी आठवलं. सकाळीच तनयाचा फोन आला होता. गीझरचा लाल दिवा दोन दिवस विझतच नाही, तो आपोआप बंद होत नाही, पाणी उकळतं येतं, म्हणत होती. हे म्हणाले होते, विजेच्या मीटरमध्ये कोणीतरी घोळ केलाय. आणि फोन ठेवताना ती म्हणाली होती, इशिताला सर्दी आहे, ती शाळेत जाणार नाही, उठली की अंघोळ करेल, गीझर लावून ठेवलाय.

अकरा वर्षांची माझी नात त्या घरात एकटी होती.

तनया शाळेत शिकवते, वर्गात फोन घेत नाही. पुष्करच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करतात. इशिताकडे फोन नाही. उरला एकच माणूस. ह्यांच्या फोनमध्ये त्याचा नंबर 'जनू तक्रार' या नावाने होता, कारण नगरपालिकेत त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा होता. नंबर मीच लावला, स्पीकर चालू केला आणि हे बोलायला लागले.

"जनू, अरे, गीझर बंद कर. तनयाकडचा. फुटेल तो. इशू आत आहे."

त्याने एक शब्द उलट विचारला नाही. धावण्याचा आवाज आला, मग दार धडाधडा वाजवल्याचा. "इशूबाय, दार उघड गो! न्हाणीत जाऊ नको!"

आतून काहीतरी उत्तर आलं.

"सर, पोर दार उघडत नाय. म्हणते, आजोबांनी सांगितलंय, जनूकाका काय पण बोलले तरी दार उघडायचं नाय."

हे ओरडले, "फोन दाराला लाव! इशू, मी आजोबा बोलतोय. उघड, बाळ!"

बारीक, स्पष्ट आवाज आला. "तुम्ही आजोबांचा आवाज काढताय. आजोबा असं कधीच सांगणार नाहीत."

मला रडू फुटलं. हे भिंतीवर डोकं आपटायला लागले.

"मेन स्विच ओटीवर हाय ना?" जनूच म्हणाला. "पन पेटीला कुलूप हाय सर."

ते कुलूपही ह्यांनीच घातलं होतं. जनूने वीज चोरू नये म्हणून. चावी आमच्याकडे, पेणला, ह्यांच्या जानव्याला.

"फोड!" हे किंचाळले. "फोड ते, जनू!"

दगडाचे घाव ऐकू येत होते. एकदा जनू कळवळला. मग पत्रा उघडल्याचा आवाज आला आणि तो धापा टाकत म्हणाला, "पाडला सर. लाइट गेली घरातली."

मिळेल ती गाडी करून आम्ही रोह्याला पोचलो. तोवर तनया आली होती, निलेशही आला होता. त्याने गार झालेल्या गीझरचं बूच काढून दाखवलं. टाकीची खालची बाजू फुगून पुढे आली होती. हे सरळ ओटीवर गेले. तिथे जनू चेचलेल्या बोटाला फडकं गुंडाळून बसला होता. हे त्याच्यासमोर नुसते उभे राहिले.

"बसा सर," जनू सरकून म्हणाला. "पोर बरी हाय."

तेवढ्यात इशिता धावत आली आणि ह्यांच्या कमरेला बिलगली.

"आजोबा, जनूकाकांनी किती वेळा हाका मारल्या! तुमचा आवाजसुद्धा काढला. तरी मी दार नाही उघडलं. तुम्ही शिकवलं तस्संच केलं ना मी?"

शाबासकीसाठी ती मान वर करून बघत होती. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग जनूच्या शेजारी खाली बसले, तिला जवळ ओढलं आणि एवढ्या माणसांसमोर रडत म्हणाले, "चुकीचं शिकवलं गं मी तुला."