साळवीबाईंच्या समुद्रलिली

साळवीबाई स्वयंपाकघरात मोकळ्या आवाजात बोलत, पण बाहेरच्या खोलीत आल्या की कुजबुजत. तिथे दगडांचं कपाट होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही वाशीच्या नव्या सोसायटीत आलो, तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत. मुंबईच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी विरजण मागायला गेले आणि काचेआड दगडांत उमटलेली फुलं पाहून म्हटलं, "किती सुंदर!"

"फूल म्हणू नका," बाई हळूच म्हणाल्या. "त्याला तोंड आहे."

त्या होत्या समुद्रलिली. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले, दगड झालेले प्राणी. एकाचं अंग पेल्यासारखं, एकाचं मिटलेल्या मुठीसारखं. एकाच्या देठाला खाली भोपळ्यासारखा फुगा. एकाला देठच नाही, नुसता चेंडू आणि त्यातून निघालेले लांबच लांब हात. बाई एकेकावरून बोट फिरवत सांगत, "ह्याचं पोट भरलंय. हा अजून वाट बघतोय."

भर दुपारीही मला तिथे एकटीला बसवत नसे. सगळे हात खिडकीकडे, खाडीच्या बाजूला वळलेले असत.

"तुम्हीच ठेवलेत ना असे?" मी एकदा विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "मी दाराकडे तोंड करून ठेवले होते गं."

जाळ्यात काही विचित्र आलं तर टाकू नकोस, असं त्यांनी करंज्याहून मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईला सांगून ठेवलं होतं. एका सकाळी मी बाईंकडे असताना तिने दारात बादली ठेवली. "बाय, बग गो काय हाय ह्या. मना भेव वाटतं."

पाण्यात काळसर तांबडी पिसं हलत होती. त्याच कुळातला, देठ सोडून मोकळा फिरणारा, जिवंत प्राणी. बाई गुडघ्यांवर बसल्या. जन्मभर दगडात पाहिलेलं अंग समोर श्वास घेत होतं. त्यांनी बोट पुढे केलं. त्याने अंग आवळलं आणि त्याचा एक हात गळून पडला. मग दुसरा. गळलेले हात तळाशी आपापले वळवळत राहिले.

"घाबरले की हात टाकून देतात," बाई म्हणाल्या. "पण मला कशाला घाबरायचं?"

आम्ही तिघी लगेच एसटीने उरणला आणि तिथून करंज्याला गेलो. बाईंनी बादली पाण्यात कलती केली. उरलेले हात हलवत तो खाली गेला. बाई मात्र पुढे चालतच राहिल्या. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. मी हाका मारत होते. त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि भरतीकडे तोंड करून त्या स्तब्ध उभ्या राहिल्या.

हिराबाई लुगडं खोचून आत धावली. "भरती हाय, येडी झालीस काय गो?" म्हणत तिने त्यांना ओढून आणलं.

किनाऱ्यावर बाई पदर पिळत बसल्या. "त्याने मला ओळखलं नाही, कुंदा," एवढंच म्हणाल्या.

पुढच्याच महिन्यात भाऊ त्यांना चिपळूणला घेऊन गेला. दगड कॉलेजला दिले. दोनेक वर्षांनी बाई वारल्याचं कळलं, म्हणून मी त्यांच्या भावाकडे भेटायला गेले. भावजय म्हणाली, शेवटी त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. औषध द्यायला कुणी जवळ गेलं की त्या हात पांघरुणात ओढून घेत. आपण कोण ते सांगून, थोडं थांबावं लागे. मग त्या आपणहून हात बाहेर काढत.