धुतलेला डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, बहिणीला तर नाहीच — तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणूनच.

मी नाशिक रोडच्या कॉलनीत वाढलेली. लग्न होऊन पिंपळगावजवळच्या द्राक्षबागेत आले, तेव्हा मला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी, तात्यांनी, एकाच गोष्टीचा धसका घेतला होता — तणनाशकाचा. त्याचा अंश जरी फवारणीच्या पाण्यात गेला तरी वेली जातात. शेजाऱ्यांची अख्खी बाग तशी गेली होती. म्हणून आमच्याकडे रिकामा झालेला डबा धुऊन, पालथा घालून, मगच शेडमध्ये ठेवायचा. न धुतलेला डबा दिसला की तात्या घर डोक्यावर घेत. ‘कॉलनीतल्या पोरीला हे जमायचं नाही,’ असं एकदा ते सासूबाईंना म्हणाले, ते मी ऐकलं. झालं! त्या दिवसापासून मी दिसेल तो डबा धुवायला लागले.

त्यातलाच एक पेट्रोलचा होता. औषधाच्या डब्यांसारखाच पांढरा. फवारणीच्या पंपासाठी त्यात पेट्रोल आणून ठेवत. वास आला नव्हता का मला? आला असणार. पण धुवायची इतकी हौस, की तोही विसळला. पालथा घालणार तेवढ्यात सासूबाईंची हाक आली. मी टोपण लावून डबा तसाच जागेवर ठेवला. तळाशी पाणी होतं — हे मला माहीत होतं. नंतर ओतू म्हटलं आणि विसरले.

काशिनाथ आमचा सालगडी. छाटणीपासून काढणीपर्यंत बाग त्याच्याच जिवावर चालायची. विहिरीवरची मोटार कशी चालू करायची ते मला त्यानेच दाखवलं होतं, आणि माझ्या धांदरटपणाला तो कधी हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तोच डबा हायवेवरच्या पंपावरून भरून आणला. आमच्या ह्यांच्या मोटारसायकलची टाकी रिकामी, आणि द्राक्षांच्या व्यापाऱ्याला भेटायची घाई. त्यांनी डब्यातलं पेट्रोल गाडीत ओतलं आणि निघाले. थोडं पुढे जाऊन गाडीने आचके दिले आणि बंद पडली. मेकॅनिकने टाकीतलं पेट्रोल एका बाटलीत काढलं — खाली पाणी, वर पेट्रोल. हे पोहोचेपर्यंत व्यापारी दुसऱ्याचा माल ठरवून मोकळा झाला होता.

ती बाटली घेऊन हे घरी आले. तात्यांनी ती काशिनाथच्या तोंडासमोर धरली. पेट्रोल वाटेत विकलंस आणि पाणी घालून डबा भरलास, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते लगेच पटलं. गरीब माणसाची चोरी पटायला वेळ कुठे लागतो?

“तात्या, मी एक थेंब काढला नाय. पंपावर भरला न् तसाच आणला.”

तात्या माझ्याकडे वळले. “घरातल्या कोणी डब्याला हात लावला होता का गं?”

“नाही,” मी म्हणाले.

एवढंच. बघा — डबा धुतला ती चूक होती, चुका होतात. पण हे ‘नाही’? ते मी विचार करूनही बोलले नाही. आपोआप आलं, आणि — लिहायला लाज वाटते — आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

काशिनाथला ऐन काढणीत काढून टाकलं. बातमी गावभर झाली. आसपासच्या एकाही बागेत त्याला कुणी उभं करेना. शेवटी बायकोला घेऊन तो सातपूरला गेला. मी त्या संध्याकाळी बोलू शकले असते. नंतर माझा मुलगा झाला, तात्या त्याला खांद्यावर घेऊन बागेत फिरायचे, तेव्हा तर सहज बोलू शकले असते. काय झालं असतं? तात्या ओरडले असते, चार दिवस अबोला धरला असता. तेवढं टाळायला मी एका माणसाच्या कपाळी चोरीचा शिक्का मारला. तात्या गेले ते काशिनाथला चोर समजूनच गेले.

गेल्या महिन्यात सातपूरला एका कारखान्याच्या गेटवर तो दिसला. वॉचमनचा गणवेश, केस पांढरे झालेले. मी ओळख चुकवून पुढे निघाले होते. त्यानेच हाक मारली. सगळ्यांची खुशाली विचारली. तात्या गेल्याचं कळलं तेव्हा टोपी काढली. मग म्हणाला, “वहिनी, त्या दिवशी सगळे मला लय बोलले. तुमी तेवढ्या एक शब्द बोलल्या नाय. आमच्या घरात अजून तुमचं नाव काढत्यात.”

मी मान खाली घातली — कौतुक झालं की घालतात, तशी.

“असू द्या,” म्हणाले.